कोर्टातील उचल

मोटारीखाली पाय गेलेल्या मजुराने भरपाईचा दावा चालू असताना मध्येच आपला वकील बदलावा की बदलू नये, हा प्रश्न वरकरणी अगदी खासगी वाटतो. तो वकील आणि पक्षकार यांचा आपापसातील मामला आहे, तिसऱ्याने त्यात पडू नये, असे म्हणून तो निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. न्यायालयांच्या आवारात तर याविषयी एक ठरीव मत ऐकू येते : ज्याने वकील बदलला तो बेइमान. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. वकील बदलण्याचा प्रश्न हा दाव्याचा खरा मालक कोण, याचा प्रश्न आहे. ज्याचा पाय गेला तो मालक, की ज्याच्या कपाटात त्या पायाचे कागद कुलूपबंद आहेत तो? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्या कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. व्यवहारात मात्र ते उत्तर जखमी माणसाच्या हाती पडू दिले जात नाही, आणि न पडू देण्यात अनेकांचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला उचल म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचे कारण नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात. ती रक्कम घेतली की हंगाम संपेपर्यंत कोयता त्या मुकादमाचा. मजुरी कमी वाटली, वागणूक अपमानास्पद वाटली, दुसरीकडे चांगले काम दिसले, तरी मुकादम बदलता येत नाही. कारण अंगावर उचल आहे. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे श्रम बांधून घेणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बेकायदा ठरवले, तसले कर्जही रद्दबातल ठरवले. कायदा झाला आणि उचल राहिली. न्यायालयाच्या आवारात अपघाताच्या दाव्यांबाबत जे चालते, ते याच उचलीचे दुसरे रूप आहे.

हे कसे घडते ते पाहू. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर आणि धाराशिववरून बीडकडे जातो. रस्ते रुंद झाले, वेग वाढला. त्या वेगाची किंमत कोण मोजतो? शेतातून परतणारी बाई, मोटारसायकलवरचा गवंडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीने बसवलेली ऊसतोड टोळी, तुळजापूरला पायी निघालेला भाविक. समजा, अशा एखाद्या गवंड्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो रुग्णालयाच्या खाटेवर असतानाच कोणीतरी ओळखीचा माणूस त्याच्या भावाला गाठतो आणि वकील सुचवतो. वकील सांगतात, फी आत्ता काही नको, स्टॅम्पाचा खर्च मी करतो, दाखले मी आणवतो, पैसे आले की टक्केवारीने पाहू. भुकेल्या घराला हे बोलणे देवदूताचे वाटते. वकीलपत्रावर अंगठा होतो, त्याबरोबर आणखी दोन-चार कोऱ्या कागदांवरही होतो. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची बिले, एक्स-रे, अपंगत्वाचा दाखला असे सगळे मूळ कागद वकिलांच्या स्वाधीन होतात. पोच कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. ही झाली उचल. पुढे दोन-तीन वर्षे तारखेवर तारीख पडते, वकील भेटत नाहीत, कारकून काही सांगत नाही. मग गवंड्याच्या मनात येते की वकील बदलावा. आणि येथे त्याला कळते की मुकादम बदलता येत नाही.

सर्वच वकील असे वागतात, असे आम्ही म्हणत नाही. तालुक्याच्या न्यायालयांत गरिबांचे दावे प्रसंगी पदरमोड करून लढणारे वकील आजही आहेत, आणि त्यांच्यामुळेच या व्यवसायाविषयी लोकांच्या मनात आदर शिल्लक आहे. परंतु प्रश्न व्यक्तीच्या सज्जनतेचा नाही. मुकादमही काही वेळा सज्जन असतो. त्याने उचलीची पद्धत न्याय्य ठरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील तिसऱ्या आदेशाच्या चौथ्या नियमाप्रमाणे, न्यायालयाच्या परवानगीने लेखी अर्ज देऊन वकीलपत्र संपुष्टात आणण्याची मुभा पक्षकाराला आहे. राहिला प्रश्न त्या प्रसिद्ध ‘ना हरकती’चा. आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय दुसऱ्या वकिलाने त्या प्रकरणात उभे राहू नये, असा भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांतील ३९ वा नियम आहे. आवारात या नियमाचा पूर्वार्ध तेवढा सांगितला जातो. उत्तरार्ध असा आहे की, संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने त्याची कारणे देऊन न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाची परवानगी घेऊन उभे राहावे. म्हणजे संमती हा शिष्टाचार आहे, मालकीहक्क नव्हे. शिष्टाचाराचे रूपांतर खंडणीत करण्याची परवानगी कोणत्याही नियमाने दिलेली नाही.

फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येतात काय? याचाही निकाल लागून पाव शतक झाले. भोपाळच्या एका राज्य सहकारी बँकेने १९९३ साली आपल्या कायदा सल्लागाराची नेमणूक संपवली आणि फायली परत मागितल्या. वकीलसाहेबांनी ९७,१०० रुपयांचे बिल पाठवले आणि ते चुकते होईपर्यंत फायली देण्याचे नाकारले. प्रकरण बार कौन्सिलमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेले. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून धरण्याचा कोणताही हक्क वकिलाला नाही. तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. इंग्लंडमधील सॉलिसिटरांना असा हक्क परंपरेने आहे, तो येथे का नको, हा युक्तिवादही तेथे झाला. त्यावर न्यायालयाने या देशातील पक्षकारांच्या निरक्षरतेकडे बोट दाखवले. असा हक्क दिला तर त्याचा गैरवापर होईल, आणि चालू प्रकरणात वकील बदलण्याचे पक्षकाराचे स्वातंत्र्यच नष्ट होईल, हे न्यायालयाने ओळखले. राहिलेल्या फीसाठी वकिलाला स्वतंत्र मार्ग मोकळा आहे; १९२६ च्या कायद्याने तो फीसाठी दावा लावू शकतो.

निकाल उत्तम आहे. पण तो मिळवला कोणी? एका सहकारी बँकेने. तिच्याकडे अधिकारी होते, टंकलेखक होते, दुसरा वकील लावण्याची ऐपत होती, वर्षानुवर्षे वाट पाहण्याची ताकद होती. परंड्याच्या गवंड्याने हा निकाल कसा बजावून घ्यायचा? त्याने आधीच्या वकिलाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करावी, असे आपण म्हणणार. अवश्य करावी; १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याचे ३५ वे कलम त्यासाठीच आहे. पण तक्रार मुंबईला, तक्रारदार एका पायावर, आणि कागद ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कपाटात! तक्रारीचा निकाल लागेपर्यंत दाव्याची तारीख थांबत नाही.

आणि टक्केवारी? भरपाईत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या २० व्या नियमाने निषिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच एका वरिष्ठ वकिलाच्या प्रकरणात असा करार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे ठरवले होते. २०१७ साली पुन्हा तोच प्रश्न आला, तोही मोटार अपघाताच्याच दाव्यातून. तेलंगणातील एका विधवेच्या पतीचा १९९८ साली अपघाती मृत्यू झाला होता. भरपाई मिळाल्यावर वकिलाने रकमेच्या टक्केवारीने फी मागितली, तिच्याकडून आणखी तीन लाखांच्या चेकवर सही घेतली, आणि तो न वटल्यावर तिच्यावरच फौजदारी खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि असली टक्केवारी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे बजावले. पतीच्या मृत्यूची भरपाई मागायला गेलेली बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, यापेक्षा या पद्धतीचे विदारक दर्शन कोणते असू शकेल?

येथे कोणी विचारील की, वकील बदलून असा काय फरक पडतो? कायदा एकच, न्यायाधीश तेच. हा भ्रम मुळातून काढला पाहिजे, कारण दुखापतीच्या दाव्यात वकिलाची मेहनत हीच भरपाईची रक्कम ठरवते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सोदाहरण सांगितले आहे. हात तुटल्यावर डॉक्टर दाखल्यावर अपंगत्वाची अमुक टक्केवारी लिहितो. पण तो हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, आणि सरकारी कचेरीतील कारकुनाचा असेल तर त्याची नोकरी कदाचित शाबूत राहते. म्हणून शरीराची टक्केवारी एक आणि कमाईची टक्केवारी दुसरी. पण हे न्यायाधिकरणाला दाखवून कोण देणार? त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवावे लागते, जखमी माणूस नेमके कोणते काम करीत होता याचा पुरावा द्यावा लागतो, उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणात पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या कमाईची हानी सर्वोच्च न्यायालयाने ८५ टक्के धरली. भाजी विकणाऱ्याला हातगाडी ढकलावी लागते, एवढे साधे सत्य सिद्ध करण्यासाठी एका कष्टकऱ्याला दिल्लीपर्यंत जावे लागले! आळशी वकील डॉक्टरला बोलावीत नाही, दाखला नुसता दाखल करून मोकळा होतो. तेथे शून्ये गळतात, आणि ती गळालेली शून्ये म्हणजे एका घराची वीस वर्षांची भाकर असते.

आणखी एक धोका याहून मोठा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही. ऊसतोड मजुराबाबत तर सुरुवातीलाच दोन वाटा असतात : मोटार वाहन कायदा, किंवा कामगार भरपाईचा कायदा. दोन्हींखाली हक्क असला तरी भरपाई एकाखालीच मागता येते. यातील कोणती वाट धरायची, कोणत्या तडजोडीला हो म्हणायचे, हे पक्षकाराने ठरवायचे आहे; वकिलाने त्याच्या स्पष्ट सूचनेविना तडजोड करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलेले आहे. पण ज्याच्या अंगावर वकिलाची उचल आहे आणि ज्याचे अंगठे कोऱ्या कागदावर आहेत, तो सूचना कसली देणार? ज्याला वकील सोडता येत नाही, त्याला वकिलाला नाही म्हणताही येत नाही. वकील बदलण्याचा हक्क हा म्हणूनच बाकी सर्व हक्कांचा जामीन आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेऊ. ते तीन प्रकारचे आहे. पहिले असे की, वकील स्वतःचा पैसा आणि वर्षे घालतो. निकाल जवळ आला की पक्षकार दुसऱ्याकडे जातो आणि पहिल्याचे कष्ट बुडतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि श्रमाचे मोल मानणाऱ्यांनी वकिलाच्या श्रमाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. केलेल्या कामाची वाजवी फी त्याला मिळालीच पाहिजे. पण ती केलेल्या कामाची. पक्षकाराच्या पायाची नव्हे. टक्केवारीची फी जेथे कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतसुद्धा हा भेद केला जातो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली फ्रकासे विरुद्ध ब्रेंट या प्रकरणात, जे वैयक्तिक दुखापतीच्या दाव्यातूनच उद्भवले होते, असे ठरवले की पक्षकाराला वकील केव्हाही काढून टाकता येतो. काढलेल्या वकिलाला करारातील पूर्ण वाटा नव्हे, तर त्याने केलेल्या कामाचे वाजवी मूल्य तेवढे मिळेल, आणि तेही भरपाई हाती आल्यावर. भांडवलशाहीच्या माहेरघरी जखमी माणसाला जे स्वातंत्र्य आहे, ते समाजवादी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या देशातील परंड्याच्या गवंड्याला व्यवहारात नसावे?

दुसरे म्हणणे असे की, वकील बदलल्याने दावा लांबतो. कधी लांबतो, हे खरे आहे. नव्या वकिलाला प्रकरण वाचावे लागते, एखादी तारीख जाते, साक्षी झाल्या असतील तर त्या पुन्हा होत नाहीत, आणि आधीच्या उलटतपासणीत जे हरवले ते सहसा परत मिळत नाही. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून, चार पैसे जास्त मिळतील या आमिषाने, उठल्यासुटल्या वकील बदलणे हे आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे आहे. आम्ही हक्काची बाजू मांडतो, चंचलतेची नव्हे. पण दावा लांबण्याचे खरे कारण काय? कागद वेळेवर हवाली झाले तर नव्या वकिलाला आठ दिवस पुरतात. ते अडवले तर आठ महिने जातात. विलंब बदलण्यामुळे होत नाही, अडवण्यामुळे होतो. चोराने उशिराची तक्रार करावी, त्यातला हा प्रकार आहे.

तिसरे म्हणणे सर्वात चलाख आहे. ते असे की, पक्षकार सज्ञान आहे, त्याने वकील निवडताना नीट निवडावा. मागाहून रडू नये. दुर्दैवाने या म्हणण्याला अलीकडे वरच्या न्यायालयांतही आधार मिळू लागला आहे. १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी मोठ्या सहृदयतेने म्हटले होते की, खेड्यातला माणूस वकील नेमतो, फी देतो आणि विश्वासाने घरी जातो. वकील गैरहजर राहिला तर त्याची शिक्षा या निरपराध माणसाला का? तेच न्यायालय २०२४ साली रजनीशकुमार प्रकरणात म्हणते की, सारा दोष वकिलाच्या माथी मारून पक्षकाराला सुटता येणार नाही, त्याने स्वतः जागरूक राहिले पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका निकालाने वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. वकिली हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही, ती पक्षकाराच्या ताब्यातील, त्याच्या सूचनेने चालणारी व्यक्तिगत सेवा आहे, असे त्यामागचे तत्त्व. तत्त्व मान्य करू. मग त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. वकिलाच्या चुकीचे फळ पक्षकाराने भोगायचे, कारण त्याने लक्ष ठेवायला हवे होते. ग्राहक म्हणून दाद मागायची नाही, कारण वकील त्याच्या ताब्यात आहे. आणि प्रत्यक्षात वकील बदलायचा म्हटले तर कागद मिळत नाहीत. वकील पक्षकाराच्या ताब्यात असतो, हे वाक्य खरे करून दाखवायचे असेल तर त्याला सोडून देण्याचा हक्क बिनखर्चाचा आणि तात्काळ असला पाहिजे. नाहीतर ते वाक्य ही पांढरपेशी मखलाशी ठरते.

मुळात जखमी मजूर या सापळ्यात सापडतोच का? शासन आपले काम करीत नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे, आणि कलम १६६ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे न्यायाधिकरणाने त्या अहवालालाच भरपाईचा अर्ज मानावयाचे आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी तर अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात याच्या अंमलबजावणीसाठी पोलीस यंत्रणेत खास पथके नेमण्याचे आदेश दिले. याचा सरळ अर्थ असा की, गवंडी खाटेवर असतानाच त्याचा दावा आपोआप न्यायाधिकरणापुढे उभा राहिला पाहिजे. कागद गोळा करणे हे पोलिसांचे काम, वकिलाच्या उचलीचे नव्हे. हे काम जेथे होत नाही, तेथेच रुग्णालयाच्या दारात दलाल उभा राहतो. त्यात दुरुस्तीने दावा लावण्यास सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीला आव्हान दिले गेले आहे. पण तिच्या धाकाने भेदरलेले घर पहिला भेटेल त्या वकिलाच्या वकीलपत्रावर अंगठा उठवते, हा तिचा परिणाम कोणी मोजला?

मोफत कायदेशीर मदतीचे तसेच. घटनेतील ३९-अ हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. आणीबाणीच्या काळोखातील त्या दुरुस्तीविरुद्ध समाजवाद्यांनी जे म्हणायचे ते म्हटले आहे; पण समान न्याय आणि मोफत कायदेशीर साहाय्य ही त्यातील गोष्ट गरिबांच्या कामाची होती. तिच्या आधाराने १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग उत्पन्न काहीही असो. म्हणजे अपघाताने अपंग झालेला गवंडी किंवा अपघातात नवरा गमावलेली विधवा थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ शकते, आणि दावा चालू असतानाही जाऊ शकते. हे त्यांना रुग्णालयात कोण सांगते? केंद्राने ज्याला आकांक्षित जिल्हा म्हणून मागासांच्या यादीत घातले, त्या धाराशिवमध्ये मदत दारात उभी राहिली पाहिजे. येथे ती कार्यालयात बसून अर्जाची वाट पाहते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली : वकीलपत्र दाखल होताना पक्षकाराच्या भाषेत एक पोच दाखल झाली पाहिजे. कोणते मूळ कागद वकिलाकडे आहेत, फी किती ठरली आणि ती टक्केवारीने नाही, हे तीत लिहिलेले असावे. दुसरी : वकील बदलण्याचा अर्ज आला की न्यायाधिकरणाने त्याच तारखेला तो निकालात काढावा आणि आधीच्या वकिलाला सात दिवसांत सर्व कागद न्यायालयात जमा करण्याचा हुकूम द्यावा. न्यायाधिकरणाचे काम न्याय्य भरपाई ठरवण्याचे आहे, मागितल्यापेक्षा अधिक देण्याचाही त्याला अधिकार आहे. मग एवढा हुकूम देण्यास त्याचा हात अडखळू नये. तिसरी : आधीच्या वकिलाच्या वाजवी फीचा वाद स्वतंत्रपणे, दावा न थांबवता मिटवावा. चौथी : जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालये आणि पोलीस ठाणी येथे विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बसावा. पाचवी : भरपाईची रक्कम पक्षकाराच्या स्वतःच्या बँक खात्यातच जावी. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकाच्या आरंभीच सुसम्मा थॉमस प्रकरणात निरक्षर अर्जदारांची रक्कम मुदतठेवीत सुरक्षित ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि मार्च २०२५ मध्ये थेट खात्यात रक्कम जमा करण्याबाबत निर्देश दिले. त्यांचे काटेकोर पालन व्हावे. कोऱ्या धनादेशांना तेथेच आळा बसेल.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पण महाराष्ट्राने एकेकाळी याहून मोठी पावले टाकली आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल आणि मालक यांच्यामध्ये मंडळ उभे केले आणि मजुरी हिशेबाने हमालाच्या पदरात पडू लागली. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या मराठवाड्यातील माणसांच्या घामातून रोजगार हमी जन्मली आणि काम मागणे हा हक्क झाला. उच्च न्यायालय मराठवाड्यात यावे म्हणून या भागाने लढा दिला आणि १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले. न्याय अडीचशे किलोमीटरवर आला, हे यश मोठेच. उरलेले अंतर रुग्णालयाची खाट आणि न्यायाधिकरणाची पायरी यांच्यातले आहे, आणि ते कापायचे राहून गेले आहे.

ते कापण्याचे काम नुसत्या अर्जविनंत्यांनी होणार नाही. ऊसतोड कामगारांच्या, बांधकाम मजुरांच्या, शेतमजुरांच्या संघटनांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. मजुरीच्या दरासाठी कारखान्याच्या दारात बसणाऱ्या संघटनेने जखमी सभासदाबरोबर न्यायालयात का जाऊ नये? एका एकट्या गवंड्याने वकिलाकडे कागद मागितले तर त्याला उद्या या म्हणतात. दहा माणसे बरोबर गेली तर कागद आजच सापडतात. प्रत्येक तालुक्याला संघटनेचा एक कार्यकर्ता असा हवा, की ज्याला वकीलपत्र म्हणजे काय, नक्कल विभागातून कागदांच्या नकला कशा मिळतात, तारीख कशी पाहायची, ना हरकत न मिळाल्यास अर्ज कसा द्यायचा आणि ९० दिवसांच्या आत अपील का करायचे, हे ठाऊक आहे. प्रामाणिक वकिलांनीही या कामी पुढे आले पाहिजे. कागद अडवणाऱ्या सहव्यवसायिकाला बार असोसिएशनच्या बैठकीत जाब विचारणे म्हणजे व्यवसायाशी द्रोह नव्हे. व्यवसायाची अब्रू राखण्याचा तोच मार्ग आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले पूर्वज सांगत आले. ज्याचा पाय गेला त्याला हा शहाणपणा परवडत नाही. त्याला कुबडीच्या आधाराने ती पायरी चढावीच लागते. निदान कोणाच्या हाताला धरून चढायचे आणि कोणाचा हात सोडून द्यायचा, हे ठरवण्याचा हक्क तरी त्याचा असू द्या. जखम त्याची आहे, दावा त्याचा आहे, कागद त्याचे आहेत. आणि जो वकील हे मानीत नाही, त्याला बदलणे ही बेइमानी नव्हे.